मालनचं इंग्रजी आणि कलावतीची सुरी

मालन कोळीला मी पहिल्यांदा पाहिलं ते एका वकिलाला झापताना. साल चौऱ्याऐंशी असेल. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर आम्ही टायपिस्ट मंडळी टेबलं मांडून बसायचो. त्या वकिलाला एवढंच हवं होतं की समोरच्या पार्टीने सकाळी काय टाइप करून नेलं, त्याचा जरा अंदाज द्यावा. मालन तेव्हा पंचविशीची, अंगाने काडी, पण आवाज थेट मासळीबाजारातला. म्हणाली, "वकीलसाहेब, माझ्यापुढे कागद ठेवणं म्हणजे डॉक्टरला पोट दाखवणं. दुसऱ्याच्या पोटात काय दुखतं ते तुम्हाला कशाला?" वकील माझ्याकडे वळला, म्हणून मीही त्याला झापलं. अशी आमची मैत्री झाली.

ती बाळकुमची. आई आवडाबाई खाडीची मासळी घेऊन ठाण्याच्या मार्केटात बसायची. आपल्या एका तरी पोरीच्या हाताला मासळीचा वास येता कामा नये, असं तिने ठरवलं आणि मालनला टायपिंगच्या क्लासात घातलं. मालन इंग्रजीची चाळीस स्पीडची परीक्षा पास झाली. पण तिचं सगळं इंग्रजी त्या परीक्षेच्या पुस्तकातलं, म्हणजे व्यापारी पत्रव्यवहाराचं. माल फुटका निघाला तर कंपनीला काय लिहायचं, उत्तर आलं नाही तर पुढची तंबी कशी द्यायची, हे तिला झोपेत विचारलं तरी यायचं. "मला भूक लागली" हे मात्र तिला इंग्रजीत कधी म्हणता आलं नाही.

लग्न तिने केलं नाही. का, ते मी एकदा विचारलं. "कोणी डिक्टेट केलं नाही," म्हणाली आणि हसली. मीही पुन्हा विचारलं नाही.

पुढे टाइपरायटरचे दिवस भरले. अठ्ठ्याण्णव साली डोंबिवली पूर्वेच्या एका टायपिंग क्लासवाल्याने क्लासात तीन कॉम्प्युटर ठेवून बाहेर 'सायबर कॅफे' अशी पाटी लावली आणि जुन्या ओळखीने आम्हा दोघींना बोलावलं. फोनची लाइन जोडताना ते यंत्र घसा खाकरल्यासारखं ओरडायचं आणि मालन प्रत्येक वेळी म्हणायची, "झालं, उठला म्हातारा." गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक आईबाप, पोरं अमेरिकेत. ते मराठीत बोलत आणि आम्ही इंग्रजी ई-मेल बनवत असू. आता मालन ई-मेल बनवणार म्हणजे काय! आईच्या मायेचं पत्रही ती "आपले दिनांक अमुकचे पत्र पावले" असं सुरू करायची आणि "त्वरित उत्तराची अपेक्षा आहे" असं संपवायची. एका मुलाचं उलट पत्र आलेलं, की आई रागावली आहे का?

मी तिला चिडवायचे, पण तिच्या कामाच्या पद्धतीला हात लावायची सोय नव्हती. "कानातून बोटात, गोदा. मधे डोकं आणायचं नाही," असं ती म्हणायची. कोर्ट नाक्यावर रोज घटस्फोट, भाऊबंदकी आणि मयताचे कागद टाइप करणाऱ्या बाईने दुसरं काय करावं? डोकं मधे आणलं असतं तर संध्याकाळी घरी जाता आलं नसतं.

अशा या मालनकडे सहदेव नाखवा येऊ लागले.

सहदेवकाका मूळचे ठाण्याचेच कोळी, पण उभी हयात ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमध्ये फिटर म्हणून गेलेली. आता रिटायर होते. मूलबाळ नाही, बायको कलावती दोन वर्षांपूर्वी गेलेली. नाद एकच, पात्यांचा. चाकू, अडकित्ते, न्हाव्याचे जुने वस्तरे, चांभाराची रापी, जे काही कापतं ते काका घरी आणायचे. भिंतीवर खिळ्यांना टांगून ठेवायचे आणि रविवारी उतरवून तेल लावायचे. पुण्याच्या कुणीतरी त्यांना सांगितलं की तुमच्यासारखे वेडे पुष्कळ आहेत आणि त्यांचा ई-मेलवर एक ग्रुप आहे, 'धार' नावाचा. पुण्याचे, नागपूरचे, बंगळूरचे, दोघं-तिघं अमेरिकेतले. एकाने अडकित्त्याबद्दल लिहिलं की सगळ्यांना पोचायचं आणि मग आठवडाभर अडकित्त्यावर कीर्तन चालायचं. काकांना इंग्रजी बेताचं. ते सकाळी येऊन मालनशेजारी बसत, आलेलं तिच्याकडून समजून घेत आणि उत्तर सांगत. मालनचं गाव कळल्यावर तर काय, "आवडाबाईची तू? तुझ्या आईने माझ्या कलावतीला मार्केटात जागा दिलेली गो," असं म्हणून ते तिच्यासाठी सुकट घेऊन आले. कॉम्प्युटरच्या खोलीला दोन दिवस वास.

दुसरं गिऱ्हाईक दामाजी शेलार. कल्याणला त्यांचं सुऱ्या-कात्र्यांचं दुकान होतं. 'धार'वाल्यांना हातघडीच्या सुऱ्या ते पोस्टाने विकायचे. माणूस हरहुन्नरी पण तोंडाने फाटका. मालाबद्दल कोणी हूं की चूं केलं तर पाच ओळींत त्याचा उद्धार करायचे. ग्रुपमध्ये अर्धे लोक त्यांना डोक्यावर घेत आणि अर्धे त्यांच्या नावाने बोटं मोडत. कल्याणात आपलं टपाल चारचौघांनी वाचू नये म्हणून ते संध्याकाळी डोंबिवलीला येत. सकाळी काका आणि संध्याकाळी शेलार, एकाच खुर्चीवर. एकमेकांना त्यांनी पाहिलेलं ते एकदाच, दुकानात, आणि दोघांनाही ठाऊक नव्हतं की आपलं इंग्रजी एकच बाई लिहिते. मालनला अर्थातच ठाऊक होतं. पण डॉक्टरने पोटं एकमेकांना दाखवायची नसतात.

नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर सहदेवकाका एकदा आले ते कपाळाला आठ्या घालूनच. कलावतीकाकूंची मासे कापायची सुरी होती, लग्नात माहेराहून आणलेली. तिची मूठ हलायला लागली म्हणून काकांनी ती शेलारांच्या दुकानात नवीन मूठ बसवायला दिली होती. परत आली ती चकचकीत, सरळ पात्याची, कोरी करकरीत. "ही तिची नाय," काका म्हणाले. कलावतीची सुरी काळी होती, धार लावून लावून मधे पोटाशी खोल गेलेली. पापलेट साफ करताना ती अंगठा कुठे ठेवायची, तिथे मुठीला खळगा पडला होता. आजारपणात शेवटी शेवटी उठवत नव्हतं, तरी ती सुरी उशाशी मागून घेतली होती तिने. शेलाराने ती कोणा शौकिनाला जुनी म्हणून विकली आणि मला ही नवी चिकटवली, असं काकांचं म्हणणं. सांगता सांगता म्हातारा रडला. मी उठून पाणी आणलं.

मालनने ग्रुपवर पाठवायला टाइप केलं ते चार ओळींत. "आपल्याकडे दुरुस्तीसाठी पाठवलेला माल आणि परत मिळालेला माल जुळत नाही. तरी मूळ माल त्वरित परत करावा."

काका गेल्यावर मी म्हटलं, "अगं, बायकोचं काहीच नाही लिहिलंस?"

"शंभर परक्या लोकांपुढे कलावतीकाकूंना कशाला उभं करायचं?" मालन म्हणाली. "रडणं सांगायला येतात लोक. ते छापायचं नसतं."

मला ते तेव्हा पटलं. आजही वाटतं, तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

संध्याकाळी शेलार आले. पत्र वाचून भडकले. हात हवेत नाचवत मालनला सांगत राहिले, नाथा, सरळ करून दिली, वर उपकार, असले काहीबाही तुकडे माझ्या कानावर आले. माझ्यापुढे एका आजीबाईंचं सॅन होजेच्या नातवाला पत्र चाललं होतं, माझं लक्ष नव्हतं. मालनच्या बोटांतून उतरलं ते असं: "माल योग्य दुरुस्तीनंतर सुस्थितीत रवाना केलेला आहे. आपली तक्रार निराधार असून, ती मागे न घेतल्यास पुढील परिणामांस आपण जबाबदार राहाल."

झालं! आगीत तेल पडलं. ग्रुपवाल्यांना वाटलं, नाखवांनी वकील केला आणि शेलारांनीही केला. मग ज्याला त्याला आपापलं जुनं दुखणं आठवलं. एकाची मूठ सैल निघालेली, एकाची सुरी गंजकी पोचलेली, बंगळूरच्याला पोलाद सांगितलं एक आणि मिळालं दुसरं. शेलारांची बाजू घेणारेही होते, ते म्हणत हे सगळे जळके. पात्यांचे शौकीन ते, भांडण तरी बोथट कसं करतील? शेवटी ग्रुपने ठराव केला की शेलारांकडून कोणी काही घ्यायचं नाही. त्यांच्या बाजूचे वेगळे होऊन दुसरा ग्रुप काढून बसले.

मालन दोन्ही बाजूंची टपालं टाइप करत होती, सकाळी ही आणि संध्याकाळी ती. कानातून बोटात.

काका जिंकले होते, पण चेहऱ्यावर काही दिसेना. "मना काय करायचाय त्यांचा ठराव? सुरी कुठाय?" असं रोज म्हणायचे. तेव्हा पुण्याच्या एका सभासदाने तोड काढली. त्याचा ओतकामाचा कारखाना होता. त्याने लिहिलं, ती दिलेली सुरी माझ्याकडे पाठवा. पातं मोडून आतलं पोलाद बघतो. नवं निघालं की लबाडी सिद्ध झाली.

शनिवारी दुपारी काका सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. सोबत द्यायचं पत्र मालनने करायचं होतं.

"लिव, खुशाल मोडा म्हनावं," काका म्हणाले. "तिची नाय ती. तिच्या जागेवर दुसरी सुरी मना घरात नको. तिची आत खोल गेलेली, ही सरल आहे बघ, पट्टीसारखी सरल."

मालनने "सोबत पाठवलेले पाते मोडून तपासण्यास आमची हरकत नाही" इथपर्यंत टाइप केलं आणि तिची बोटं थांबली. इतक्या वर्षांत मी तिला वाक्याच्या मधे थांबलेली कधी पाहिली नव्हती. ती कागदात गुंडाळलेल्या सुरीकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "गोदा, शेलार काय म्हणालेले गं त्या दिवशी? सरळ करून दिली?"

आणि तिला सगळंच आठवलं. तिच्या बोटांनी जे बाहेर काढलं नव्हतं, ते डोक्यात कुठेतरी पडून होतंच. शेलार म्हणाले होते, "सुरी झिजून कमरेत मोडल्यासारखी झालेली. माझ्या नाथाने दोन दिवस घासून तिचं पोक काढलं, सरळ करून दिली, आणि वर हे उपकार!"

"काका," ती म्हणाली, "ही तीच सुरी आहे. काकूंचीच. घासून सरळ केली त्यांनी."

"तुला काय ठावं?"

मग तिने सांगून टाकलं. "शेलारांचंपण टायपिंग मीच करते."

सहदेवकाका उठले. आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "म्हंजे मी इकडं रडत होतो, आनि तू संध्याकाली त्याचा पन लिवत होतीस." सुरी उचलली, कागद नीट गुंडाळला आणि निघून गेले. मालन मागे धावली, जिन्यापर्यंत. काकांनी वळून बघितलं नाही.

"ते आता स्वतःच पाठवतील," ती परत येऊन म्हणाली. "मोडतील ते लोक. गोदा, काकूंची सुरी मोडतील ते."

बरं हे, की शनिवारी पोस्टाची पार्सलची खिडकी लवकर बंद होते. सोमवारपर्यंत वेळ होता. रविवारी सकाळी आम्ही दोघी कल्याणला शेलारांच्या दुकानात गेलो. मी गेले, कारण मालन घाबरली होती आणि शेलारांच्या तोंडाला तोंड द्यायला कोणीतरी हवं होतं.

ते सुरुवातीला तापलेच. नाखवाने माझा धंदा बसवला, लोकांनी पाठ फिरवली, आणि तुम्ही त्याच्यासाठी रदबदली करता? मालनने सगळं ऐकून घेतलं. मग तिने तेच सांगितलं जे चार ओळींत घातलं नव्हतं. माहेरची सुरी, अंगठ्याचा खळगा, उशाशी मागून घेतलेली.

शेलार स्टुलावर बसले. "बायकोची होती?"

"हो."

"मला काय माहीत? मला वाटलं, ह्या लोकांच्या भिंतीवर पन्नास असतात, त्यातली एक. म्हटलं म्हातारा शौकीन आहे, नवी करून देऊ, खूश होईल. घासणावळ घेतली नाही मी." मग म्हणाले, "हे लिहिलं का नाही त्याने?"

"त्यांनी सांगितलेलं. मी लिहिलं नाही," मालन म्हणाली. "आणि तुम्ही पोक काढलं म्हणालात, तेही मी लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तरी त्यांना कळलं असतं."

मला वाटलं, आता हा माणूस हिला खातो. पण त्यांनी फक्त मागे वळून हाक मारली, "नाथा, चल. चप्पल घाल." नाथा म्हणजे त्यांच्याकडचा कारागीर, पन्नाशीचा, मितभाषी. जुनी मूठ कुठे आहे असं मालनने विचारल्यावर त्याने मान खाली घातली. जुनं लाकूड भट्टीत जातं, तशीच तीही गेली होती.

ठाकुर्लीला काकांच्या चाळीत आम्ही चौघं दारात उभे. काकांनी शेलारांना बघितलं आणि दार लोटायला घेतलं. तेव्हा मालन इंग्रजी परीक्षेतली राहिली नाही, आवडाबाईची पोर झाली. "काका, मना बोला, मारा, पन दार नका लावू. तुमी सांगितलं ते मी लिवलंच नाय. चूक हाय ती माझी हाय." काका दारातून बाजूला झाले.

आत भिंतभर पाती. मधल्या एका खिळ्यावर काहीच नव्हतं, खाली स्टुलावर ते वर्तमानपत्राचं पुडकं, वर पुण्याचा पत्ता लिहिलेला. शेलार म्हणाले, "नाखवा, सुरी तुमचीच आहे. आम्ही घासली जास्त. माझं चुकलं." हे त्या माणसाच्या तोंडून! पण काका मान हलवत म्हणाले, "बोलायला काय जातं? मी कशावरून मानू?" आणि खरंच, कशावरून मानावं? काळेपणा गेला, पोट गेलं, मूठ जळली. कलावतीकाकूंचं जे जे त्या सुरीवर होतं, ते ह्यांनी मेहनतीने काढून टाकलं होतं.

तेव्हा नाथा पहिल्यांदा बोलला. "मूठ काढू का? जुन्या मुठीत पात्याच्या शेपटाला चिंधी गुंडाळलेली होती, घट्ट बसायला. मुरलेली चिंधी चांगली धरते. म्हणून मी तीच परत गुंडाळली."

काकांनी कागद सोडला. नाथाने सुरी घेतली, मूठ दारातल्या दगडावर हलकेच ठोकत ठोकत सैल केली आणि ओढून काढली. लोखंडाच्या शेपटाला चिंधीचा वेढा होता. तेलाने, मासळीच्या पाण्याने तपकिरी पडलेली. नाथाने टोक नखाने जरासं उलटलं. आतली बाजू हिरवी होती आणि तिला अंजिरी काठ होता.

सहदेवकाका खाली बसले. चिंधीला त्यांनी हात लावला नाही.

"नारली पुनवेला घेतलेलं लुगडं," ते म्हणाले. "नवंकोरं होतं. पदर फाटलेला दिसला म्हनून मी तिला बोललो. लय बोललो. कुठं फाडून आलीस म्हनून. ती कायच बोलली नाय गो. मूठ हलते म्हनून मना सांगत होती किती दिवस. मी फिटर, आनि मना वेल नव्हता."

शेलार खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मला रडू आलं, आणि मी रडणाऱ्यांतली नाही. नाथाने विचारलं, नवी चिंधी लावू का? काकांनी जोरात मान हलवली. हीच. होती तशीच. नाथाने उलटलेलं टोक पुन्हा दाबून बसवलं आणि मूठ चढवली.

मालन काकांच्या शेजारी जमिनीवर बसली होती. तिने विचारलं, "काका, ग्रुपला काय लिहू?"

"लिव," काका म्हणाले, "तिची सुरी घावली. सगलं लिव आता. मी तिला बोललो, ते पन लिव."